पाण्यात बसवणारा वस्ताद

आमच्या हिंगोलीत शहाणपण शिकवणाऱ्यांचा कधीच तुटवडा नव्हता. चावडीवर, चहाच्या दुकानात, कापसाच्या बाजारात, जिथे दोन माणसं उभी राहतील तिथे तिसरा शिकवायला हजर असे. पण त्यांचं ऐकून सोडून देता यायचं. सखाराम वस्तादाचं शहाणपण सोडून देता येत नसे, कारण तो माणसाचं मनगट धरूनच बोलायला सुरुवात करायचा, आणि पहिलवानाच्या पकडीतून मनगट सोडवणं हे माझ्यासारख्या मास्तराचं काम नव्हे.

मी तेव्हा सरकारी शाळेत गणित शिकवत असे. राज्य निजामाचं, त्यामुळे मराठी पोरांना मराठी मास्तराने उर्दूतून गणित शिकवायचं अशी रीत होती. माझ्या भाड्याच्या घराचं परसू आणि वस्तादाची तालीम यांच्यामध्ये एक मातीची भिंत. पहाटे त्याच्या पोरांच्या दंड-बैठका ऐकत मी उठायचो आणि संध्याकाळी त्याचा उपदेश ऐकत जेवायचो. त्याच्याबद्दल मला जे ठाऊक आहे ते बरंचसं भिंतीपलीकडून आलेलं आहे, आणि मी ते मागायला गेलो नव्हतो.

लोक त्याला चिनी वस्ताद म्हणत. दिसण्यात चिनी काही नव्हतं. रंग काळा कुळकुळीत, मान जवळजवळ नाहीच, कान कुस्तीत चुरगाळून बसलेले. तरुणपणी तो फौजेत गेला होता, लढायला नव्हे, खेचरं हाकायला, आणि त्या खेचरांबरोबर बोटीने चीनच्या कुठल्याशा बंदरात जाऊन राहून आला होता. बंदराचं नाव तो दर वेळी वेगळं सांगे. तिथे एका खेचराने त्याला लाथ घातली, खांदा निखळला, आणि एका म्हाताऱ्या चिनी हाडवैद्याने तो बसवला. खांदा भरून येईपर्यंत त्या वैद्याने याला पाच तत्त्वांची विद्या दिली, असं त्याचं म्हणणं. कुठल्या भाषेत दिली, हे मी एकदा विचारून पाहिलं.

"विद्येला भाषा लागत न्हाई, मास्तर," तो म्हणाला. "हिसाबाला लागते. म्हनून तर तुमची तकलीफ हाय."

लाकूड, अग्नी, माती, लोखंड, पाणी. ही ती पाच. प्रत्येक माणसात ती असतात आणि एखादं चढलं की माणूस बिघडतो. लाकूड म्हणजे वाढायची हाव, अग्नी म्हणजे तडफ, माती म्हणजे ठाव, लोखंड म्हणजे शिस्त, पाणी म्हणजे सबुरी. तालमीच्या कोनाड्यात त्याने बाभळीची काटकी, कोळसा, कुस्तीच्या हौद्यातल्या मातीचं ढेकूळ, घोड्याचा नाल आणि पाण्याचा गडू असं सगळं गोलाकार मांडून ठेवलं होतं. मारुतीच्या आधी त्यांना उदबत्ती ओवाळली जायची. मारुतीने हे कसं खपवून घेतलं कोण जाणे.

खरं सांगायचं तर विद्या मला वाईट वाटत नव्हती. त्या पाचांत दोन नाती आहेत, असं वस्तादच सांगायचा. एक पोसायचं नातं: लाकूड अग्नीला पोसतं, अग्नीची राख होऊन माती होते, मातीच्या पोटी लोखंड, लोखंडावर दंव धरतं ते पाणी, आणि पाण्यावर पुन्हा झाड वाढतं. दुसरं आवरायचं नातं: लोखंड लाकडाला तोडतं, पाणी अग्नीला विझवतं, असं ते चालायचं. म्हणजे माणसाला थोडं पोसावं, थोडं आवरावं. यात खोटं काय आहे. पण ही विद्या ज्याच्या हाती पडली त्याला दुसरं नातं तेवढं आवडलं. पोसायचं नातं तो पाठ म्हणून दाखवायचा आणि आवरायचं नातं लोकांवर चालवायचा.

औंढ्याच्या एका भटजींशी त्याचं एकदा यावरून जुंपलं. आपल्या पंचमहाभूतांतून वारा आणि आकाश हाकलून त्या जागी सरपण आणि भंगार आणून बसवलं, हा कुठला धर्म, असं भटजींचं म्हणणं. वस्तादाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वारा मुठीत धरून दावा. आभाळाला पट काढून दावा. जे धरता येत न्हाई त्याच्याशी कुस्ती काहून करायची?" लोक हसले आणि वस्ताद जिंकला असं ठरलं. आमच्याकडे वाद असाच निकालात निघतो, ज्याच्या बोलण्याला लोक हसतील त्याचं खरं.

तालमीपुरतं हे राहिलं असतं तर माझी हरकत नव्हती. पण गावातला कोणीही काही मोठं करायला निघाला की वस्ताद त्याचं मनगट धरायला हजर. चाँदभाई शिंप्याला औंढ्याला दुसरं दुकान टाकायचं होतं. वस्तादाने सांगितलं, तुझ्यात लाकूड लई वाढलं, फांद्या फुटून राहिल्या, त्याला लोखंड लाव. उपाय म्हणून कात्री उशीखाली घेऊन झोपायचं. चाँदभाई तीन मुलांचा बाप, पण झोपला. सकाळी कान कापला गेला. त्याच्या बायकोने तालमीच्या दारात उभं राहून दखनीत वस्तादाचा जो उद्धार केला तो मी भिंतीला कान लावून ऐकला, आणि त्या बाईबद्दल मला आजही आदर आहे. चाँदभाईने पुढे औंढ्याला दुकान टाकलं आणि ते चांगलं चाललं. वस्ताद म्हणायचा, कात्रीचा गुण आला.

मलाही त्याने सोडलं नाही. मी हेडमास्तराच्या जागेसाठी अर्ज करणार असं कुठून तरी त्याच्या कानावर गेलं. भिंतीवरून हात लांब करून त्याने माझं मनगट पकडलं, डोळे मिटले, आणि मला सांगितलं की माझ्यात सगळं पाणीच पाणी आहे, जिकडे उतार तिकडे मी वाहणार, अर्जाची तकलीफ घेऊ नये. ती जागा मला मिळाली नाही ही गोष्ट वेगळी. पण खेचरं हाकलेल्या माणसाने भिंतीवरून आपली किंमत करावी याचा राग मला पुष्कळ दिवस पुरला.

एका वर्षी सायकलवर रेशमी कापडाचं गाठोडं बांधून एक चिनी फेरीवाला गावात आला. असे फेरीवाले तेव्हा कुठे कुठे हिंडत. गावाला वाटलं, आता वस्तादाची परीक्षा होणार. त्या बिचाऱ्याला धरून तालमीपाशी आणलं. वस्तादाने त्याच्यापुढे काही आवाज काढले. फेरीवाला आदबीने हसला आणि कापड दाखवू लागला. मग वस्ताद हिंदीवर आला आणि त्याने कोनाड्यातली पाचही तत्त्वं दाखवून आपला सिद्धान्त समजावला, की ज्याच्यात आग ज्यादा त्याला पाणी मारायचं, बराबर? फेरीवाल्याने कोळशाकडे पाहिलं, गडूकडे पाहिलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "पानी मारेगा तो भात कैसा पकेगा?" एवढं बोलून तो गाठोडं बांधायला लागला. त्याला पुढे कळमनुरी गाठायची होती.

त्याची सायकल वळणावर दिसेनाशी झाल्यावर वस्तादाने निकाल दिला. "हा खरा चिनी न्हाई."

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. महादू आला नसता तर मीही नेलं असतं.

महादू धनगराचा, आखाडा बाळापूरकडचा. मिसरूड फुटलेलं, अंगावर घोंगडी, पायांत काही नाही. बापाची मेंढरं सोडून तालमीत आला तो वस्तादाच्या पाया पडला आणि त्याच संध्याकाळी त्याने तालमीतल्या सगळ्यांत जुन्या गड्याला पाठीवर पाडलं. त्याच्या शड्डूचा आवाज मला भिंतीपलीकडून वेगळा ओळखू यायचा. इतर पोरं कुस्ती खेळत, हा कुस्तीवर तुटून पडे. मला खेळातलं काही कळत नाही, पण एखाद्या माणसाला एखादी गोष्ट पोटातून हवी आहे हे कळायला खेळ कळावा लागत नाही. तालमीची माती ओढायची असो की हौद्यात तेल-ताक घालायचं असो, तो धावत करायचा.

त्याला काय हवं आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. नांदेडला एक मोठी तालीम होती. तिथे निवडलेल्या मल्लाला राहायला जागा, दूध-बदामाचा खुराक आणि पुढे हैदराबादच्या मैदानांवर नाव. तिथले वस्ताद दर शिवरात्रीला औंढ्याच्या जत्रेत कुस्त्या बघायला यायचे आणि एखादं पोरगं उचलून न्यायचे. महादूच्या बापाने पोराला तेवढीच मुदत दिली होती. म्हातारा काठीवर हनुवटी टेकून तालमीच्या दारात उभा राहून बोलला होता ते मी ऐकलं: "शिवरातीपस्तोर तुमचा. त्येंनी नेला तर नेला. न्हाई तर मेंढरं हायेत." म्हातारा वाईट नव्हता. कळप मोठा होता आणि पोरगा एकच.

एखाद्या शहाण्या वस्तादाने काय केलं असतं? या पोराची आग जपली असती, तिला चार डाव शिकवले असते, ठाव दिला असता. आमच्या वस्तादाने मनगट धरलं आणि त्याचा चेहरा उजळला. इतका अग्नी त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. आता त्याच्या विद्येला खरं काम मिळालं.

मग पाणी सुरू झालं. मिरची बंद, गूळ बंद. रोज ताक. जोर काढताना हुंकार द्यायचा नाही. समोरच्याला पाडल्यावर हसायचं नाही. कुस्ती रंगात आली की वस्ताद मध्येच टाळी वाजवून ती सोडवायचा आणि महादूला कोपऱ्यात बसून कोनाड्यातल्या गडूकडे बघायला लावायचा. पोरगं बिचारं बघायचं. त्याच्या दृष्टीने वस्ताद म्हणेल ते ब्रह्मवाक्य. भिंतीपलीकडचा तो शड्डू हळूहळू इतरांच्यासारखाच वाजायला लागला. मी एकदा वस्तादाला म्हणालोसुद्धा की पोरगं मंद होऊन राहिलंय. तो म्हणाला, मंद न्हाई, समतोल.

शिवरात्रीला मीही त्यांच्याबरोबर बैलगाडीने औंढ्याला गेलो. शाळेला सुट्टी होती आणि नागनाथाचं दर्शन होईल असा विचार. सकाळी मैदानात हलग्या वाजायला लागल्या. तो आवाज कानावर आला आणि महादू गाडीतच उभा राहिला. डोळे बदलले, नाकपुड्या फुलल्या, इतक्या महिन्यांचं ताक एका क्षणात उतरलं. मला बरं वाटलं. वस्ताद घाबरला. त्याने पोराला दंडाला धरून गावाबाहेरच्या तळ्याकडे नेलं आणि गळ्याइतक्या पाण्यात बसवलं.

थंडी अजून सरली नव्हती. तळ्यावर सकाळचा गारठा होता आणि काठावर बायका ओलेत्याने कुडकुडत देवळाकडे पळत होत्या. महादू बसला. ऊन वर आलं तरी बसलाच होता. त्याचे ओठ निळे पडलेले मला काठावरून दिसत होते.

"वस्ताद, गारठलो," तो म्हणाला. "निघू का?"

"मी म्हनंन तवा निघायचं," वस्ताद म्हणाला. "आग इझू दे."

मी मध्ये पडलो. पोराची कुस्ती तोंडावर आहे, हा काय प्रकार, असं जरा आवाज चढवून बोललो. वस्तादाने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. तुमी पडले पाणी, मास्तर, पाण्याला आगीचं काय कळतंय, एवढंच म्हणाला. मैदानातून महादूच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा कुठे त्याने हात वर केला.

कुस्तीचं वर्णन करण्यासारखं काही घडलंच नाही. समोर कळमनुरीचा एक बरा गडी होता, बराच म्हणायचा, थोर नव्हे. महादू अंगावर काटा घेऊन मैदानात उतरला. सलामी झाली. त्याने पट काढायला हात घातला आणि तो हात समोरच्याच्या मांडीवरून घसरला. पुन्हा घातला, पुन्हा घसरला. बोटं वळतच नव्हती. तिसऱ्या वेळी कळमनुरीच्या गड्याने त्याला उचलला आणि आभाळ दाखवलं. हलगीवाल्यांना ठेका बदलायलाही वेळ मिळाला नाही. महादू उठला, अंगावरची माती न झटकता वस्तादापाशी येऊन मान खाली घालून उभा राहिला.

नांदेडचे वस्ताद मांडवात पहिल्या ओळीत बसले होते. त्यांना कोणी तरी महादूबद्दल आधी सांगितलं असावं, कारण त्यांनी निरखून पाहिलं होतं. ते शेजाऱ्याला म्हणाले, "अंग चांगलं हाय. पन पोरगं थंड हाय. थंड पोरगं खुराक खातं आन् झोपतं." आणि त्यांनी कळमनुरीच्या गड्याला बोलावून घेतलं.

आमचा वस्ताद हे ऐकून खचला असेल असं कोणालाही वाटेल. मला तसं वाटलं होतं. पण तो माझ्या कानाशी लागला आणि कौतुकाने म्हणाला, "बघितलं, मास्तर? हरला, पन चिडला न्हाई. रडला न्हाई. बराबर समतोल."

त्या माणसाला त्या वेळी माझ्या हाताने मारावं असं मला वाटलं. मी कोणाला मारणारा नव्हे, म्हणून तो वाचला.

महादूचा बाप मैदानाच्या कडेला काठी टेकून उभा होता. घोंगडी पोराच्या खांद्यावर टाकली आणि दोघं बाळापूरच्या वाटेला लागले. परतीच्या गाडीत मी आणि वस्ताद दोघंच. औंढं मागे पडल्यावर तो आपण होऊन बोलू लागला. खेचरांच्या पलटणीत जाण्याआधी तो स्वतः याच मैदानात उतरला होता. त्यालाही न्यायला तेव्हाचे नांदेडचे वस्ताद आले होते. तो पेटून समोरच्यावर धावून गेला आणि आपल्याच जोराने तोंडावर आपटला. गाव हसलं. "तवाच कोनी मला पाण्यात बशिवलं असतं तर," तो म्हणाला. म्हणजे एवढ्या सगळ्या चिनी विद्येच्या तळाशी हे होतं. स्वतः पडला त्याचं औषध याने दुसऱ्याच्या पोराला पाजलं होतं. मी त्याच्याशी गाव येईपर्यंत बोललो नाही, आणि पुढेही फारसा बोललो नाही.

तालीम मग आपोआप ओस पडली. आईबाप पोरांना पाठवीनात. हौद्यातली माती कोणी उकरीना, ती कडक झाली. भिंतीपलीकडे शांतता झाली, पण मला ती वाटली होती तेवढी गोड लागली नाही. पुढे दिवसही वाईट आले. राज्य जायच्या आधीचे ते महिने, लोक रात्रीतून घरं सोडून वऱ्हाडात जात होते, मी माझी माणसं वाशिमला ठेवून आलो. वस्ताद कुठे गेला नाही. मग निजामाचं राज्य संपलं, सगळं जरा स्थिरावलं, पण कितीतरी घरांची दारं बंदच राहिली. चाँदभाईच्या दुकानालाही बरेच दिवस कुलूप होतं.

त्याच हिवाळ्यात एका सकाळी मी कयाधूच्या काठाने फिरायला गेलो होतो. नदीला पाणी थोडं, पण एका वळणावर डोह आहे. तिथे एक धनगर कातरणीच्या आधी मेंढरं धूत होता. एकेक मेंढरू ओढून पाण्यात घ्यायचं, चोळायचं आणि काठावर ढकलायचं. जवळ गेल्यावर ओळख पटली. महादू होता. अंगाने भरलेला, दाढी आलेली. आणि त्याच्यापासून थोड्या अंतरावर, डोहाच्या कडेला, गळ्याइतक्या पाण्यात वस्ताद बसला होता.

म्हाताऱ्याचं नुसतं डोकं आणि ते चुरगळलेले कान पाण्यावर दिसत होते. दात वाजत होते. मी विचारलं, हा काय खेळ. महादूनेच उत्तर दिलं, की थंडी पडल्यापासून ते रोज येऊन बसून राहतात, सांगून ऐकत न्हाईत.

वस्तादाने माझ्याकडे पाहिलं. "जात न्हाई, मास्तर," तो म्हणाला. "सकाळी उठलो की हलगी वाजते. औंढ्याच्या मातीत उतरावं वाटतं. या वयात. इझतच न्हाई."

म्हणजे सगळ्या गावाची मनगटं धरत हिंडणाऱ्या या माणसाने स्वतःचं कधी धरलंच नव्हतं. बोलण्यासारखं होतं ते मी वर्षानुवर्षं मनात घोळवलेलं होतं, पण गळ्याइतक्या पाण्यात बसलेल्या म्हाताऱ्याला ऐकवण्याजोगं त्यातलं काही निघेना.

त्याने मान वळवली. "महादा," तो म्हणाला, "निघू का रे?"

महादूचे हात मेंढरावर होते. ते थांबले नाहीत. "थोडी मेंढरं राहिलीत," तो म्हणाला. "मंग."

मला वाटलं, बसव. बसव त्याला ऊन वर येईपर्यंत. मी असतो तर संध्याकाळपर्यंत बसवला असता. महादूने उरलेली मेंढरं धुतली, घाई न करता, एकही न वगळता. वस्ताद मुकाट्याने वाट बघत राहिला. शेवटचं मेंढरू काठावर गेलं तेव्हा महादू पाण्यातून त्याच्याकडे आला, बगलांत हात घालून त्याला उचललं आणि काठावर उन्हात आणून बसवलं. स्वतःची घोंगडी त्याच्याभोवती गुंडाळली. मग समोर उकिडवा बसला आणि म्हाताऱ्याचे दोन्ही पंजे आपल्या पंजांत घेऊन एकेक बोट चोळायला लागला.

"हात चोळून घ्या, वस्ताद," तो म्हणाला. "गार हाताला पकड येत न्हाई."